मोटर कॅराव्हॅनमध्ये रेडिओ आणि स्पीकर बसवणे : बॅटरीपासून स्पीकरपर्यंतचा हिशोब

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• १२ व्होल्टच्या वाहन-प्रणालीत ध्वनियंत्रणेला किती शक्ती आणि किती ऊर्जा लागते, याचा हिशोब मांडणे.
• अंतर आणि विद्युतधारा यांवरून तारेची जाडी व फ्यूजची क्षमता ठरवणे.
• स्पीकरची जोडणी, दिशा आणि जागा कारणासहित निवडणे.
• अँटेनाची लांबी आणि छताचा पदार्थ यांचा संबंध सांगणे.
• रेडिओतील गोंगाटाचा उगम ओळखणे.

पूर्वज्ञान : ओहमचा नियम, विद्युत शक्तीचे सूत्र आणि तरंगलांबी व वारंवारता यांचा संबंध.

१. प्रस्तावना

जिच्यात बसण्याची, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असते, अशा गाडीला मोटर कॅराव्हॅन म्हणतात. युरोप-अमेरिकेत ती जुनी आहे. भारतात केरळ आणि महाराष्ट्र या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केल्यावर तिच्याविषयीची उत्सुकता वाढली. अनेक जण मिनीबस किंवा व्हॅन घेऊन तिच्यात फेरबदल करून घेतात आणि या कामात रेडिओ व स्पीकर बहुधा सगळ्यात शेवटी बसतात. पलंग, ओटा, फ्रिज, दिवे सगळे झाले की कुणीतरी म्हणते, ‘आता गाण्यांचीही सोय करू.’ मग मिळेल त्या तारेवरून, मिळेल त्या जागी काम उरकले जाते.

त्याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. सौम्य परिणाम म्हणजे रात्रभर गाणी ऐकल्यावर सकाळी गाडी सुरू होत नाही. गंभीर परिणाम म्हणजे प्लायवूड आणि फोमच्या भिंतीत दडलेली तार तापते आणि आग लागते. कॅराव्हॅनमध्ये माणसे झोपतात, बहुतेक वेळा स्वयंपाकाचा गॅसही असतो, आणि बाहेर पडायला एखादेच दार असते. म्हणून मोटारीतल्या टेपरेकॉर्डरला जेवढी काळजी पुरते, तेवढी इथे पुरत नाही.

या पाठातील मुख्य सूत्र असे : ध्वनियंत्रणेची आखणी स्पीकरपासून सुरू करू नका, बॅटरीपासून सुरू करा. उभ्या गाडीत आवाज किती मोठा हवा, हा प्रश्न सोपा असतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून येते आणि कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

२. गाडीतील दोन बॅटऱ्या

शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकसर जोडणीत असतात. प्रत्येक घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असल्याने पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. निम्मी रिकामी झाल्यावर ती सुमारे १२.१ ते १२.२ व्होल्टवर येते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर हेच विभवांतर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो. म्हणजे आपण ज्याला ‘१२ व्होल्ट’ म्हणतो, ते प्रत्यक्षात १२ ते १४.४ यांमध्ये फिरणारे मूल्य आहे. पुढील सर्व गणितांत हे लक्षात ठेवा.

कॅराव्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असाव्यात. पहिली स्टार्टर बॅटरी. ती काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते आणि खोलवर रिकामी केली तर लवकर खराब होते. दुसरी घरगुती वापराची बॅटरी. दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांना ती तासन्‌तास थोडी थोडी धारा देते. या दोहोंमध्ये रिले किंवा डीसी-डीसी चार्जर बसवतात. इंजिन चालू असताना दोन्ही भारित होतात आणि इंजिन बंद झाल्यावर त्या वेगळ्या होतात.

नियम एकच : मागच्या भागातील ध्वनियंत्रणा घरगुती बॅटरीवर चालवा. ही एक काळजी घेतली, तर रात्री कितीही वेळ रेडिओ चालला तरी सकाळी इंजिन सुरू होण्यासाठीची ऊर्जा शाबूत राहते.

३. किती वॅट हवेत?

दुकानात हेड युनिटच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे ठळक छापलेले दिसते. हा आकडा येतो कुठून ते पाहू.

उदाहरण १. हेड युनिटमधील अँप्लिफायर सेतू पद्धतीचा असतो. तो स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलट-सुलट ढकलतो, त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त बॅटरीइतके विभवांतर दोन्ही दिशांना मिळू शकते. बॅटरी १४.४ व्होल्ट आणि स्पीकर ४ ओहमचा मानू.

सतत १४.४ व्होल्ट धरल्यास : १४.४² ÷ ४ = ५१.८ वॅट.

खोक्यावरचा ‘५० वॅट’ हाच. पण असा संकेत म्हणजे चौकोनी तरंग, तो गाण्यासारखा ऐकू येत नाही, नुसता कर्कश वाटतो. शुद्ध ज्या-तरंगासाठी परिणामी मूल्य १४.४ ÷ १.४१४ = १०.२ व्होल्ट येते.

शक्ती = १०.२² ÷ ४ = सुमारे २६ वॅट.

ट्रान्झिस्टरमध्ये होणारी घट वजा केली की हाती साधारण २० वॅट उरतात. इंजिन बंद असताना, १२.६ व्होल्टवर, ही आदर्श मर्यादाही २० वॅटच्या आसपास येते आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. पडताळणीचा आणखी एक सोपा मार्ग आहे. हेड युनिटच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत जाणारी शक्ती सतत १४४ वॅटच्या पुढे जाऊ शकत नाही. मग बाहेर २०० वॅट कसे येतील?

आता उलट बाजूने विचार करू. खरोखर लागतात किती?

उदाहरण २. एका स्पीकरची संवेदनशीलता ९० डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिल्यास १ मीटरवर ९० डेसिबल आवाज येतो. ऐकणारा २ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ६ डेसिबल कमी होतात, म्हणून १ वॅटला ८४ डेसिबल मिळतील. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. गाणी ७४ डेसिबलवर ऐकायची ठरवली, तर आपल्याला १ वॅटच्या पातळीहून १० डेसिबल कमी हवे आहेत. १० डेसिबल कमी म्हणजे शक्ती एक दशांश.

लागणारी सरासरी शक्ती = ०.१ वॅट.

तबल्याची थाप किंवा ढोलाचा ठोका यांसारखी क्षणिक शिखरे सरासरीपेक्षा १० ते १५ डेसिबल वर जातात. त्यांना १ ते ३ वॅट पुरतात. बंद खोलीतील परावर्तनांमुळे प्रत्यक्षात याहूनही कमी लागते.

निष्कर्ष : उभ्या कॅराव्हॅनमध्ये आरामात ऐकण्यासाठी हेड युनिटचा अंगभूत अँप्लिफायर भरपूर आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून पैसे खर्च करायचे तर जास्त वॅटच्या अँप्लिफायरऐवजी जास्त संवेदनशील स्पीकरवर करा. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेणे म्हणजे बॅटरीवर भार न टाकता शक्ती दुप्पट करणे होय. वेगळ्या अँप्लिफायरची गरज मुख्यतः दोन ठिकाणी पडते : चालत्या गाडीत इंजिन व रस्त्याच्या गोंगाटावर मात करायची असेल तेव्हा, आणि सबवूफर जोडायचा असेल तेव्हा.

४. एका रात्रीचा ऊर्जा-ताळेबंद

स्पीकरला ०.१ वॅट लागतो, पण यंत्रणा तेवढ्यावर चालत नाही. हेड युनिटचा पडदा, प्रोसेसर, ट्यूनर आणि अँप्लिफायरची स्थिर धारा यांचा खर्च आवाज शून्यावर असतानाही चालूच असतो. म्हणूनच ‘आवाज कमी ठेवला होता, तरी बॅटरी उतरली’ अशी तक्रार ऐकू येते. हा खर्च बहुतांशी आवाजावर अवलंबून नसतो, वेळेवर असतो.

उदाहरण ३. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आहे. आयुष्य टिकावे म्हणून ती निम्मीच वापरायची, म्हणजे उपलब्ध ५० अँपिअर-तास. संध्याकाळी ६ ते सकाळी ७ या १३ तासांचा खर्च मांडू (धारा नमुन्यादाखल मानलेल्या आहेत, तुमच्या उपकरणांच्या मोजून घ्या) :

• फ्रिज, सरासरी २ अँपिअर × १३ तास = २६
• दिवे, २ अँपिअर × ४ तास = ८
• पंखा, १.५ अँपिअर × ६ तास = ९
• पाण्याचा पंप, ५ अँपिअर × ०.२ तास = १
• एकूण = ४४ अँपिअर-तास

आता हेड युनिट, १ अँपिअर × ५ तास = ५. बेरीज ४९. हे कसेबसे बसते. त्यात वेगळा अँप्लिफायर जोडला आणि त्याची स्थिर धारा १.५ अँपिअर मानली, तर आणखी ७.५ वाढून बेरीज ५६.५ होते. मर्यादा ओलांडली.

यावर तीन उपाय आहेत. अँप्लिफायरला स्वतंत्र स्विच द्यावा, म्हणजे रात्री फक्त हेड युनिट चालेल. दुसरा उपाय डी वर्गाच्या अँप्लिफायरचा आहे. एबी वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, तर डी वर्गाची कार्यक्षमता मोठ्या आवाजात सुमारे ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते. तिसरा उपाय म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिची ८० टक्के किंवा अधिक क्षमता वापरता येते, पण चार्जरही तिला साजेसा लागतो.

घरातील २३० व्होल्टची स्पीकर-यंत्रणा इन्व्हर्टरवर चालवण्याचा मोह टाळा. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि यंत्राच्या आत पुन्हा कमी करायचे, यात प्रत्येक पायरीला ऊर्जा वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवण्यासाठीही धारा लागते.

५. तार आणि फ्यूज

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. स्पीकर चुकला तर गाणे बिघडते. तार किंवा फ्यूज चुकला तर गाडी जळू शकते.

तांब्याची रोधकता अशी लक्षात ठेवा : १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. लांबी मोजताना जाण्याची आणि येण्याची अशी दोन्ही अंतरे धरायची.

उदाहरण ४. घरगुती बॅटरीपासून अँप्लिफायर ५ मीटर दूर आहे आणि मोठ्या आवाजात तो २० अँपिअर घेतो. एकूण तार १० मीटर.

• २.५ चौ. मिमी तार : रोध ०.०६९ ओहम, घट १.३८ व्होल्ट, तारेत उष्णता सुमारे २७ वॅट.
• ६ चौ. मिमी तार : रोध ०.०२९ ओहम, घट ०.५७ व्होल्ट, उष्णता सुमारे ११ वॅट.
• १० चौ. मिमी तार : रोध ०.०१७ ओहम, घट ०.३४ व्होल्ट, उष्णता सुमारे ७ वॅट.

घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत ठेवायची असेल, तर १० चौ. मिमी तार घ्यावी लागते. पहिल्या तारेवर बॅटरीचे १२.२ व्होल्ट अँप्लिफायरपाशी १०.८ होतात. तालाच्या प्रत्येक ठोक्याला दिवे मिचकावतात, आवाज फाटतो, आणि कधी कधी यंत्र स्वतःच बंद पडते. अशा वेळी लोक अँप्लिफायर बदलतात. दोष मात्र तारेत असतो.

आता फ्यूज. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, असा समज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याची क्षमता भाराच्या धारेपेक्षा थोडी जास्त, पण तारेच्या सुरक्षित क्षमतेपेक्षा कमी असावी. आणि तो बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ, काही सेंटिमीटरवरच असावा.

उदाहरण ५. वरील १० चौ. मिमी तार अँप्लिफायरपाशी पत्र्यावर घासून उघडी पडली आणि शॉर्ट सर्किट झाले. हिशोबासाठी पूर्ण १० मीटर तारेचा रोध ०.०१७२ ओहम आणि बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू.

धारा = १२.६ ÷ ०.०२७२ = सुमारे ४६३ अँपिअर.
तारेत निर्माण होणारी उष्णता = ४६३² × ०.०१७२ = सुमारे ३,७०० वॅट.

दोन किलोवॅटचे जवळजवळ दोन गिझर भिंतीच्या आत एकाच वेळी चालू झाल्यासारखे हे आहे. फ्यूज अँप्लिफायरच्या टोकाला असेल, तर या धारेचा मार्ग त्याच्यातून जातच नाही आणि तो शांत बसून राहतो. बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो क्षणार्धात वितळतो आणि प्रसंग तिथेच संपतो.

मोठ्या तारेतून हेड युनिटसाठी बारीक तार काढली, तर त्या फाट्यापाशी बारीक तारेच्या क्षमतेचा दुसरा फ्यूज हवा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो, ते आधी शोधा.

परतीच्या मार्गाबद्दलही काळजी घ्या. मोटारीत लोखंडी सांगाडाच ऋण तारेचे काम करतो. कॅराव्हॅनचा राहण्याचा भाग मात्र पुष्कळदा फायबरग्लास आणि लाकडाचा असतो. तिथे पत्र्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून धन तारेइतक्याच जाडीची ऋण तार बॅटरीपर्यंत न्यावी.

६. हेड युनिटच्या तारा ओळखणे

हेड युनिटचा दर्शनी आकार आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेला आहे : एकेरी डिन १८० × ५० मिमी, दुहेरी डिन १८० × १०० मिमी. मागे मात्र खोली लागते, हवा खेळण्यासाठी जागाही लागते. कपाटात बसवताना हे विसरू नका.

बाजारातील बहुतेक हेड युनिटांत रंग असे असतात :

• पिवळी : कायमचा पुरवठा. घड्याळ आणि स्टेशनांची स्मृती हिच्यावर टिकते.
• लाल : चालू-बंद करणारा पुरवठा.
• काळी : ऋण.
• निळी-पांढरी : वेगळ्या अँप्लिफायरला ‘चालू हो’ असा संकेत.
• पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी : अनुक्रमे पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा स्पीकर. काळा पट्टा असलेली जोडतार ऋण.

रंगांवर अवलंबून राहण्यापूर्वी माहितीपत्रक पाहा आणि मल्टीमीटरने खात्री करा.

मोटारीत लाल तार किल्लीच्या मागे जोडतात. कॅराव्हॅनमध्ये किल्ली काढल्यावरही रेडिओ हवा असतो, म्हणून लाल तार घरगुती बॅटरीवरून एका साध्या स्विचमधून घ्या. पिवळ्या तारेतून गाडी उभी असतानाही थोडी धारा जातच असते. ती १० मिलिअँपिअर मानली, तर ९० दिवसांत ०.०१ × २४ × ९० = २१.६ अँपिअर-तास जातात. गाडी हंगामाबाहेर महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर पिवळी तारही मुख्य स्विचमागे असू द्या. स्टेशने पुन्हा लावावी लागतील, पण बॅटरी वाचेल.

७. स्पीकर : जोडणी आणि जागा

हेड युनिटच्या एका वाहिनीला साधारणतः ४ ओहमचा एक स्पीकर जोडायचा असतो. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर इंपीडन्स २ ओहम होतो, धारा दुप्पट होते आणि अँप्लिफायर तापून बंद पडतो. एकसर जोडले तर ८ ओहम होतात. हे सुरक्षित आहे, पण शक्ती निम्मी मिळते. चारपेक्षा जास्त स्पीकर हवे असतील, तर आधी हा हिशोब करा.

सेतू पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरची ऋण तार ही जमीन नसते. तिच्यावरही विभवांतर असते. जुन्या गाड्यांत सर्व स्पीकरांची ऋण टोके एकत्र करून सांगाड्याला जोडलेली आढळतात. तशा गाडीत नवे हेड युनिट लावले, तर त्याचा अँप्लिफायर जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा द्या.

दिशा तपासण्याची सोपी युक्ती : १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल, तर शंकू बाहेर सरकतो. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले, तर एकाचा शंकू पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून काढतात.

हेच खोडणे एका स्पीकरच्या बाबतीतही घडते. शंकूच्या पुढची आणि मागची लहर परस्परविरुद्ध असते. ५० हर्ट्झची तरंगलांबी ३४३ ÷ ५० = ६.९ मीटर आहे. एवढी लांब लहर स्पीकरला सहज वळसा घालते आणि मागची लहर पुढचीला रद्द करते. म्हणून स्पीकर घट्ट फळीवर बसवावा आणि मागची बाजू बंद असावी. कॅराव्हॅनमधील पलंगाखालची पेटी किंवा वरचे कपाट यासाठी चांगले, फक्त त्यात खडखडणारे सामान नको.

जागेचाही आवाजावर परिणाम होतो. दोन समांतर भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्यांची मूळ वारंवारता = ध्वनीचा वेग ÷ (२ × अंतर). २ मीटर रुंदीसाठी ती ८६ हर्ट्झ, १.९ मीटर उंचीसाठी ९० हर्ट्झ. या दोन वारंवारता जवळजवळ असल्याने बहुतेक व्हॅनमध्ये याच पट्ट्यात आवाज घुमतो. उपाय म्हणून हेड युनिटच्या इक्वलायझरमध्ये ८० ते १०० हर्ट्झचा भाग थोडा खाली आणा, आणि स्पीकर अगदी कोपऱ्यात बसवू नका. कोपऱ्यात हे सर्व तरंग अधिक जोराने जागे होतात.

कोकणपट्टी, गोवा, केरळ अशा दमट भागांत फिरणार असाल, तर कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रोपिलीनचा शंकू टिकाऊ ठरतो.

८. अँटेना आणि छत

भारतात एफएम प्रसारणाचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ आहे. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर, म्हणून पाव तरंगलांबीचा अँटेना ७५ सेंटिमीटरचा होतो. हा अँटेना एकटा काम करत नाही. त्याच्याखालचा धातूचा पत्रा आरशाप्रमाणे उरलेला अर्धा भाग पुरवतो. लोखंडी छतावर तो आपोआप मिळतो. फायबरग्लासच्या छतावर मिळत नाही, आणि नवा कोरा अँटेना लावूनही रेडिओ खरखरतो. अशा वेळी छताच्या आतून धातूचा पत्रा लावून केबलचे कवच त्याला जोडावे, किंवा पत्र्याशिवाय चालणारा द्विध्रुवी प्रकारचा अँटेना घ्यावा.

परदेशातून आणलेल्या हेड युनिटमध्ये प्रदेशाची मांडणी तपासा. अमेरिकेत एफएम स्टेशने ०.२ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी, विषम दशांशांवर असतात आणि मध्यम लहरी १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी. भारतात मध्यम लहरींची पायरी ९ किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे अमेरिकी मांडणीत आकाशवाणी दिल्लीचे ८१९ किलोहर्ट्झ किंवा दिल्लीच्या एफएम रेनबोचे १०२.६ मेगाहर्ट्झ अचूक लागत नाही.

घाटात एफएम का जाते? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट भूमीवर मनोऱ्याची पोच किलोमीटरमध्ये अंदाजे ४.१२ × √उंची (मीटरमध्ये) इतकी असते, म्हणजे १०० मीटर उंचीसाठी सुमारे ४१ किलोमीटर. मध्ये डोंगर आला की तीही नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून दूर जातात आणि रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन आणखी दूर पोहोचतात. दुर्गम भागात, जिथे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही, तिथे वादळ-पावसाची सूचना अनेकदा याच लहरींवर ऐकायला मिळते. म्हणून मध्यम लहरी नसलेले हेड युनिट घेण्यापूर्वी विचार करा.

९. गोंगाट कुठून येतो?

वाहनातील रेडिओइतकाच त्यातील गोंगाटाचा प्रश्नही जुना आहे. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा रेडिओ विकायला आणला, तेव्हाही इंजिनाच्या ठिणग्यांचा खरखराट दाबणे हे मोठे काम होते. आजचे उगम असे ओळखा :

• इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी : अल्टरनेटरचा गोंगाट. हेड युनिट आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडले, तर त्या दोन बिंदूंत सूक्ष्म विभवांतर उरते आणि ते संकेताच्या केबलमधून आवाजात मिसळते. दोन्ही एकाच बिंदूला जोडा. संकेताची केबल आणि पुरवठ्याची तार गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या.
• इंजिन बंद असतानाही मध्यम लहरींवर खरखर : सौर चार्ज-नियंत्रक, इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर किंवा मोबाइल चार्जर. एकेक बंद करून दोषी शोधा. त्याच्या तारांवर फेराइटचे कडे लावल्यास बराच फरक पडतो.
• सर्व काही बंद करूनही खरखर : अँटेनाच्या केबलच्या कवचाची जोडणी तपासा.

१०. प्रत्यक्ष कामाचा क्रम

१. बॅटरीची ऋण तार आधी सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला तर शॉर्ट सर्किट होते.
२. भिंतीत छिद्र पाडण्यापूर्वी मागे गॅसची नळी, पाण्याची नळी किंवा तार नाही, याची खात्री करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात रेडिओ, रिले किंवा स्विच कधीही बसवू नका.
३. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी कडे द्या. चालत्या गाडीत कंपनाने इन्सुलेशन महिनोन्‌महिने घासले जाते.
४. तारा पिळून टेप गुंडाळण्याऐवजी लग दाबून जोडा.
५. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. त्याआधी धन आणि ऋण यांच्यात शॉर्ट नाही, हे मल्टीमीटरने पाहा.
६. पूर्ण आवाजात पंधरा मिनिटे चालवून सर्व जोडण्यांना हात लावून पाहा. गरम लागलेली जोडणी पुन्हा करा.

११. बाहेरचा स्पीकर आणि शेजारी

काही जण गाडीच्या बाहेरच्या अंगाला स्पीकर बसवतात. भारताच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. उदाहरण २ मधील आकडे आठवा : १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल. मोकळ्यावर ते ४५ डेसिबलपर्यंत उतरायला अंतर सुमारे १७८ पट, म्हणजे १७८ मीटर लागते. एक वॅट इतक्या दूर जातो. बाहेरच्या स्पीकरला स्वतंत्र स्विच द्या आणि रात्री तो बंद ठेवा. जंगलालगतच्या मुक्कामात तो दिवसाही नको.

सारांश

उभ्या कॅराव्हॅनमध्ये ऐकण्यासाठी एखादा वॅट पुरतो, पण यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च तासांवर मोजावा लागतो. म्हणून ध्वनियंत्रणा घरगुती बॅटरीवर असावी. तारेची जाडी दुहेरी लांबी आणि धारा यांवरून ठरते. बॅटरीजवळचा फ्यूज तारेचे आणि पर्यायाने आत झोपलेल्या माणसांचे रक्षण करतो. स्पीकरची दिशा, बंद पाठ आणि जागा यांवर खालचे स्वर अवलंबून असतात. फायबरग्लासच्या छतावर अँटेनाला पत्रा लागतो. आणि गोंगाटाचे मूळ बहुधा जमिनीच्या जोडणीत सापडते.

स्वाध्याय

१. बॅटरीपासून हेड युनिट ३ मीटरवर आहे आणि धारा ८ अँपिअर आहे. घट ०.३६ व्होल्टच्या आत ठेवण्यासाठी तारेचे किमान क्षेत्रफळ काढा. (उत्तर : सुमारे २.३ चौ. मिमी, म्हणून २.५ चौ. मिमी तार घ्यावी.)
२. उदाहरण ३ मध्ये फ्रिजची सरासरी धारा २.५ अँपिअर झाली, तर रेडिओसाठी किती अँपिअर-तास उरतात? त्यावर तुम्ही काय सुचवाल?
३. ४ ओहमचे चार स्पीकर एकाच वाहिनीला जोडून एकूण इंपीडन्स ४ ओहमच कसा ठेवाल? आकृती काढा.
४. ‘फ्यूज अँप्लिफायरजवळ असला तरी चालतो’, या विधानाचे उदाहरण ५ च्या आधारे परीक्षण करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या एफएम केंद्राची वारंवारता घेऊन पाव तरंगलांबीच्या अँटेनाची लांबी काढा.